विश्लेषण : ऑनलाइन टी-शर्ट खरेच ‘प्रीमियम’ आहे की नुसता फोटो चांगला आहे, हे कसे ओळखायचे?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील ऑरिक औद्योगिक शहरात ह्योसंग या दक्षिण कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तेथे स्पॅन्डेक्स हा लवचिक धागा तयार होतो. टी-शर्टचा गळा ताणल्यावर पुन्हा जागेवर येतो, मोज्याची पट्टी पायाला धरून राहते, लेगिंग गुडघ्यात ढिली पडत नाही, ते याच प्रकारच्या धाग्यामुळे. टी-शर्टच्या लेबलवर ‘५ टक्के इलास्टेन’ असे लिहिलेले असते, ते हेच. पण याच वसाहतीत पाळी संपवून बाहेर पडणारा कामगार टी-शर्ट घेतो तो मोबाइलच्या पडद्यावर, अनेकदा कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या. गुलमंडीतल्या दुकानात कापड चिमटीत धरून बघता येते. पडद्यावर तशी सोय नाही. तीन टी-शर्ट ५९९ रुपयांत मिळतात, फोटो झकास असतो आणि तिसऱ्या धुण्यानंतर गळा ओघळतो, बाजूची शिवण पोटावर फिरते, लांबी बेंबीपर्यंत येते. तोपर्यंत परत करण्याची मुदत संपलेली असते.

विक्रीच्या पानावर दोन प्रकारची माहिती असते. ‘प्रीमियम’, ‘सुपर सॉफ्ट’, ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ ही विशेषणे आणि ‘१८० जीएसएम’, ‘१०० टक्के कोम्ब्ड कॉटन’, ‘छाती ४२ इंच’ ही मोजता येणारी विधाने. विशेषण खोटे आहे हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. आकडा मात्र घरच्या वजनकाट्यावर आणि टेपने तपासता येतो, आणि चुकीचा निघाला तर त्याच्या आधारे पैसेही मागता येतात. ऑनलाइन कापड पारखायचे असेल तर सुरुवात या फरकापासून करावी लागते.

फोटो कशावर विश्वास ठेवायला लावतो?

मॉडेलच्या अंगावरचा टी-शर्ट समोरून नेटका दिसतो. मागे तो क्लिपा लावून आवळलेला असू शकतो. छापील चित्रांचे टी-शर्ट विकणारे अनेक विक्रेते तर प्रत्यक्ष कपड्याचा फोटो काढतच नाहीत. कोऱ्या टी-शर्टच्या तयार छायाचित्रावर संगणकावर चित्र चढवले जाते. घडी नाही, सुरकुती नाही आणि चित्र कापडाच्या वळणाबरोबर वळत नाही, असे दिसले की तो फोटो त्या कपड्याचा नाही, असे खुशाल समजावे. एकच फोटो पाच वेगवेगळ्या नावांच्या विक्रेत्यांकडे दिसतो, हाही तसाच इशारा. गुगल लेन्सवर फोटो टाकला की हे अर्ध्या मिनिटात कळते.

फोटो निरुपयोगी असतो असे नाही. तो कुठे मोठा करून पाहायचा, एवढेच ठाऊक हवे. चेहरा आणि छातीवरचे चित्र सोडून गळ्याची पट्टी पाहावी. ती शिवणीपाशी लाटेसारखी उठलेली असेल तर शिवताना कापड ओढले गेले आहे. खालच्या दुमडीवर आणि बाहीच्या टोकाला दोन समांतर टाके हवेत. खांद्याच्या शिवणीला आतून पट्टी लावलेली असेल तर खांदा ओघळत नाही, आणि ज्याने ती लावली आहे तो विक्रेता तिचा फोटो सहसा देतोच. पांढऱ्या टी-शर्टच्या फोटोत आतल्या लेबलची सावली बाहेरून दिसत असेल तर कापड विरळ आहे.

जीएसएम म्हणजे नेमके काय?

एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सच्या कागदाच्या गठ्ठ्यावर ‘७५ जीएसएम’ छापलेले असते, तेच हे माप. बाजारातले नेहमीचे टी-शर्ट साधारण १४० ते २२० जीएसएमच्या दरम्यान असतात. १४०च्या आसपासचे कापड हलके, १८०चे मध्यम भरीव आणि सध्या तरुणांत चलती असलेले ढगळ, ‘ओव्हरसाइज’ टी-शर्ट २२०-२४०चे असतात.

जास्त जीएसएम म्हणजे चांगले कापड, असा समज ऑनलाइन जाहिरातींनी पसरवला आहे. तो अर्धाच खरा आहे. जाड सुताचे, ढिल्या विणीचे कापडही वजनदार भरू शकते. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा. पारा चाळिशीपार गेलेला असताना २४० जीएसएमचा काळा टी-शर्ट घालून दुचाकीवर चिकलठाण्यापर्यंत जाणे ही शिक्षा आहे. रोजच्या वापराला, कारखान्यात गणवेशाच्या आत घालायला १५० ते १८० पुरेसे. हिवाळ्यासाठी किंवा फॅशनसाठी जाड घ्यावा. आकड्याचा उपयोग चांगले-वाईट ठरवण्यापेक्षा विक्रेता खरे बोलतो का, हे पाहण्यासाठी अधिक होतो.

ते असे पाहता येते. टी-शर्ट जमिनीवर सपाट पसरावा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी आणि खांद्यापासून खालपर्यंतची लांबी मोजावी. समजा, रुंदी ५३ सेंटिमीटर आणि लांबी ७१ सेंटिमीटर आली. पुढची आणि मागची बाजू मिळून पाऊण चौरस मीटर कापड झाले. दोन बाह्यांचे साधारण पंधरा-अठरा शतांश चौरस मीटर धरले की एकूण ०.९ चौरस मीटर. म्हणजे १८० जीएसएमचा दावा असेल तर हा टी-शर्ट १६० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तो १२५ ग्रॅमच भरला, तर कापड १४०चे आहे आणि पैसे १८०चे घेतले आहेत. पाच-सात ग्रॅमचा फरक चालतो, कारण गळ्याची पट्टी, शिवण, हवेतला दमटपणा यांनी तेवढे इकडेतिकडे होते. मोठी रबरी छपाई असेल तर तिचेही वजन धरावे लागते. पण तीस-पस्तीस ग्रॅमचा फरक हवेने पडत नाही.

सूत, काउंट आणि ‘कोम्ब्ड’

दोन टी-शर्ट १८० जीएसएमचेच असतात. एकावर महिनाभरात बारीक गोळे येतात, दुसरा वर्षभर नवा दिसतो. हा फरक सुताचा.

कापसाचा धागा किती लांब, यावर कापूस उत्पादकाला भाव मिळतो, हे मराठवाड्यात सांगायला नको. सरकारी हमीभावही मध्यम धागा आणि लांब धागा असे वेगवेगळे जाहीर होतात. हाच हिशेब पुढे कपड्यापर्यंत चालत येतो. सूत काततानाच्या प्रक्रियेत कापूस विंचरून त्यातले आखूड तंतू आणि कचरा काढून टाकला तर ते ‘कोम्ब्ड’ सूत. यात साधारण दहा ते वीस टक्के कापूस बाजूला जातो, म्हणून हे सूत महाग. नुसते पिंजून कातलेले ते ‘कार्डेड’. त्यात आखूड तंतू शिल्लक राहतात, घासले गेले की त्यांची टोके बाहेर येतात, एकमेकांत अडकतात आणि गोळे होतात. पाठीवरची सॅक, बसची सीट, दुचाकीवर मागे बसलेल्याचा हात जिथे घासतो तिथे आधी होतात. ‘ओपन एंड’ असा उल्लेख असेल तर ते आणखी स्वस्त, खरखरीत सूत. त्याचा भरीवपणा काही जणांना आवडतो, पण ते मऊ असल्याचा दावा केला असेल तर शंका घ्यावी.

‘३० काउंट’ किंवा ‘२४ काउंट’ हे सुताची जाडी सांगते. ८४० वारांची एक लड, अशा एका पौंडात जितक्या लडी बसतात तो काउंट. ३० काउंटचे एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, सूत उलगडले तर २५ हजार २०० वार, जवळपास २३ किलोमीटर भरते. शेंद्र्याहून निघून शहर ओलांडण्याइतके. काउंट जितका मोठा तितके सूत बारीक. बारीक सुताने घट्ट विणलेले कापड सपाट आणि गुळगुळीत लागते. पानावर काउंट देणारे विक्रेते थोडे आहेत, पण जे देतात त्यांना निदान आपण काय विकतो हे माहीत असते.

‘कॉटन ब्लेंड’मध्ये कॉटन किती?

टी-शर्टच्या पानावरचा सर्वांत निसरडा शब्द हाच. ‘कॉटन ब्लेंड’, ‘कॉटन रिच’, ‘कॉटन फील’ यांत प्रमाण कुठेच नाही. ६० टक्के कॉटन आणि ४० टक्के पॉलिस्टर हेही ब्लेंड आणि १० टक्के कॉटनही ब्लेंडच. ‘कॉटन फील’मध्ये तर कॉटन असलेच पाहिजे असे काही नाही. टक्केवारी लिहिलेली नसेल तर पॉलिस्टर जास्त आहे असे धरून किंमत ठरवावी.

पॉलिस्टरला उगाच नावे ठेवण्याचे कारण नाही. ते लवकर वाळते, आटत नाही, रंग टिकतो आणि खेळाच्या कपड्यांना तेच योग्य. अडचण घामाची आहे. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. दिवसभर यंत्रापाशी उभे राहणाऱ्याला हा फरक दुपारी दोनच्या पाळीत कळतो.

आणि केवळ हाताला मऊ लागले म्हणून कापूस चांगला असे मानण्यातही धोका आहे. कापडाला विकरांची प्रक्रिया करून वरचे रोवे काढतात, त्याला ‘बायो-वॉश’ म्हणतात. ती चांगली झाली तर टिकाऊ मऊपणा येतो. नुसते सिलिकॉनचे मऊ पाणी दिले असेल तर तो मऊपणा दोन-चार धुण्यांत जातो. स्पर्शाने भलेभले फसतात. अमेरिकेतील टार्गेट या बड्या किरकोळ विक्री साखळीने ऑगस्ट २०१६ मध्ये वेलस्पन या भारतीय कंपनीशी संबंध तोडले होते. ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून पुरवलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्र्यांत दुसराच कापूस वापरला गेल्याचे टार्गेटने जाहीर केले. हा माल २०१४ पासून विकला जात होता. तज्ज्ञांची फौज असलेल्या साखळीला जे दोन वर्षे कळले नाही, ते ‘पिमा’ किंवा ‘सुपिमा’ लिहिलेल्या ३९९ रुपयांच्या टी-शर्टवर बोट फिरवून ग्राहकाला कळेल, ही अपेक्षाच चुकीची. अशा नावांसाठी परवान्याचा टॅग किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक दिला आहे का, एवढेच पाहावे. नसेल तर साध्या कापसाच्या भावातच त्याचा विचार करावा.

शेंद्र्याच्या धाग्याचे काम काय?

स्पॅन्डेक्स, इलास्टेन आणि लायक्रा यांत लोकांचा गोंधळ होतो. पहिली दोन नावे एकाच धाग्याची आणि लायक्रा हे त्याचे एक व्यापारी नाव, तेच बोलीत रुळले. अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हा धागा तयार केला. तो पॉलियुरेथेनपासून बनतो, मूळ लांबीच्या पाचपटीहून जास्त ताणला जातो आणि सोडला की परत येतो. ऑरिकमध्ये आलेल्या पहिल्या मोठ्या उद्योगांत ह्योसंगचे नाव होते आणि २०१९ पासून येथे उत्पादन सुरू आहे.

टी-शर्टमध्ये हा धागा दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे अंगाच्या कापडात, साधारण ९५ टक्के कापूस आणि ५ टक्के इलास्टेन असा. असा टी-शर्ट अंगासरशी बसतो. इलास्टेन कापडाला आत खेचून घट्ट करते, त्यामुळे त्याचे जीएसएमही वाढते. म्हणून निव्वळ कापसाच्या १८०ची आणि इलास्टेनवाल्या १८०ची तुलना करू नये, नुसत्या कापसाच्या १८०त सूत अधिक असते.

दुसरे ठिकाण अधिक महत्त्वाचे आणि पानावर जवळजवळ कधीच न लिहिलेले. गळ्याची पट्टी. अंग १०० टक्के कापसाचे असले तरी गळ्याच्या उभ्या रेषांच्या पट्टीत थोडे इलास्टेन असेल तर गळा वर्षभर टिकतो. नसेल तर डोक्यातून काढता-घालता दोन महिन्यांत तो वाटीसारखा लोंबतो. टी-शर्ट बाद होतो तो बहुतेक वेळा गळ्यापासून. विक्रेत्याला प्रश्न विचारण्याची सोय पानावर असेल तर ‘गळ्याच्या रिबमध्ये लायक्रा आहे का’ हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळते. उत्तर ‘प्रीमियम क्वालिटी आहे सर’ असे आले, तर तेही उत्तरच आहे.

या धाग्याला उष्णता आणि क्लोरीन सोसत नाही. पांढरा टी-शर्ट चमकावा म्हणून ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवला आणि वर कडक इस्त्री फिरवली, तर चांगल्यातले चांगले इलास्टेनही तुटते. ती चूक विक्रेत्याची नसते.

आटणे, फिरणे आणि मापाचा घोळ

होजिअरीचे कापड सुईवर विणताना ताणलेले असते. पाणी लागले की ते सैल होऊन मूळ जागी येते, म्हणजे आटते. कारखान्यात ते आधीच दाबून, वाफ देऊन आटवले असेल तर घरी फारसे आटत नाही. पाच टक्के आटणे ऐकायला किरकोळ वाटते. २८ इंच लांबीच्या टी-शर्टवर ते जवळजवळ दीड इंच होते, आणि खुर्चीत बसल्यावर पाठ उघडी पडायला दीड इंच पुरतो. ‘प्री-श्रंक’ असे लिहिलेले असावे. किती टक्क्यांपर्यंत आटेल, असा आकडाही दिला असेल तर अधिक चांगले.

शिवण पोटावर फिरण्याचे कारण वेगळे. सुताला दिलेला पीळ सुटू पाहतो आणि साध्या एकेरी विणीचे कापड तिरके होते. स्वस्त मालात हा दोष हमखास दिसतो. नवा टी-शर्ट हातात आल्यावर बाजूच्या शिवणी खालपर्यंत सरळ उतरतात का, हे पाहिले की पुढचे भविष्य बरेचसे कळते. बाजूला शिवणच नसलेले, नळीसारखे विणलेले टी-शर्टही मिळतात, त्यांत हा तिरकेपणा लवकर लक्षात येत नाही, एवढेच.

मापांबाबत ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ या अक्षरांना काही अर्थ उरलेला नाही. एका ब्रँडचा एल दुसऱ्याचा एम असतो. घरातला सर्वांत नीट बसणारा टी-शर्ट काढावा, काखेपासून काखेपर्यंत मोजावे, दुप्पट करावे आणि तो आकडा पानावरच्या तक्त्याशी जुळवावा. तक्त्यातले माप कपड्याचे आहे की शरीराचे, हे आधी वाचावे. अर्ध्याअधिक चुका येथेच होतात.

अभिप्राय किती खरे?

पाच तारे देणारे आणि एक तारा देणारे, दोघांनाही बाजूला ठेवून तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचावेत. तेथे लोक ‘कापड ठीक, पण धुतल्यावर रंग गेला’ असे सविस्तर लिहितात. शोधायचा शब्द ‘वॉश’. पार्सल उघडल्या दिवशी लिहिलेल्या ‘नाइस प्रॉडक्ट’ला कापडाबद्दल काहीही माहीत नसते. ग्राहकांनी स्वतःच्या घरात काढलेले फोटो कंपनीच्या फोटोंपेक्षा शंभर पटींनी उपयोगी. मात्र एकाच पानावर अनेक रंग, अनेक छपाया आणि कधी कधी अनेक विक्रेते एकत्र असतात. काळ्याचे कौतुक वाचून पिवळा मागवला तर तो वेगळ्याच कापडाचा निघू शकतो.

बनावट अभिप्रायांना आवर घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक आणले. पण ते ऐच्छिक ठेवले गेले. ऐच्छिक नियम पाळणारे आधीच सरळ असतात, त्यामुळे ग्राहकाच्या हाती त्यातून फारसे काही आलेले नाही.

पार्सल आल्यावर पहिल्या दिवशी काय?

पैठणी घेणारी बाई पदर उलटा करून मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देत नाही. टी-शर्टचेही तेच. तो आधी उलटा करावा. ओव्हरलॉकचे धागे लोंबत असतील, टाके सुटलेले असतील, खांद्याला पट्टी नसेल तर बाहेरच्या देखणेपणाला अर्थ नाही. मग हाताचा पंजा आत घालून खिडकीकडे धरावा. बोटे स्पष्ट दिसली तर कापड विरळ आहे. गळा दोन्ही हातांनी हलकेच ताणून सोडावा, लगेच जागेवर यायला हवा. मग टेप, मग वजनकाटा. सगळे मिळून दहा मिनिटांचे काम, आणि ते टॅग न तोडता, अत्तर न लावता करायचे. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवले तर पुढचे वाद टळतात.

धागा जाळून पाहण्याची जुनी रीतही आहे. कापूस कागदासारखा वास येत जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. मात्र अनेक जण शिवणीचा धागा ओढून जाळतात आणि फसवणूक झाली म्हणून ओरड करतात. शिवणीचा दोरा शंभर टक्के कॉटनच्या टी-शर्टलाही बहुतेक पॉलिस्टरचाच असतो. आतल्या कडेला कापडाचा सुटा धागा मिळाला तरच ही परीक्षा करावी, तीही ताटलीत धरून.

धुण्याची परीक्षा मात्र या मुदतीत करता येत नाही, कारण धुतलेला कपडा कुणी परत घेत नाही. ही ऑनलाइन व्यवहारातली खरी गोम. रंग, आटणे, शिवण फिरणे हे तिन्ही दोष पाणी लागल्यावरच दिसतात. त्यामुळे तीनच्या जोडीवर कितीही सवलत असली तरी नव्या ब्रँडचा आधी एकच घ्यावा.

नियम काय म्हणतात?

ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. विक्रेत्याचे नाव-पत्ता, माल कोणत्या देशात तयार झाला ते, परतीच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचा तपशील पानावर देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, तिचा वापर फार कमी होतो. जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म मालात नसतील, तर तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न’ची पाटी लावली म्हणून ही जबाबदारी टळत नाही. येथेच आकड्यांचे महत्त्व पुन्हा येते. ‘कापड आवडले नाही’ या तक्रारीला दाद मिळणे कठीण. ‘पानावर १८० जीएसएम लिहिले होते, मापाप्रमाणे १६० ग्रॅम हवे होते, काट्यावर १२५ भरले, सोबत दोन्ही फोटो’ या तक्रारीला उत्तर द्यावेच लागते. त्यासाठी ऑर्डर करतानाच पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. विक्रेते नंतर मजकूर बदलतात.

कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता तिरुपूरचा असो की सुरतचा, ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तीनशे रुपयांसाठी आयोगात कोणी जात नाही, हेही खरे, आणि विक्रेत्यांना ते पक्के ठाऊक आहे. म्हणूनच सरकारने एक पाऊल पुढे जायला हवे. पाकीटबंद वस्तूंच्या नियमांत निर्मात्याचे नाव, किंमत, प्रमाण हे सारे सक्तीचे आहे, पण त्या यादीत जीएसएम नाही. कपड्याच्या पानावर धाग्याची टक्केवारी, जीएसएम आणि किती आटेल हे तीन आकडे ठळक देण्याची सक्ती केली, तर निम्मी विशेषणे आपोआप गळून पडतील. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती ते लिहिता येते, तर टी-शर्टवर कापूस किती ते लिहायला काय हरकत आहे?

मंडळाच्या, कंपनीच्या मोठ्या ऑर्डरचे काय?

एकट्याच्या खरेदीत तीनशे रुपये जातात. गणेश मंडळ, क्रिकेट संघ किंवा कारखान्यातल्या एखाद्या विभागाने शंभर-दीडशे टी-शर्ट एकदम मागवले, की वर्गणीचे पैसे पणाला लागतात आणि छपाई केलेला माल सहसा परत होत नाही. अशा वेळी ऑनलाइन पुरवठादाराकडून छापलेला एक नमुना विकत घ्यावा, फुकट नको, कारण फुकटचा नमुना निवडून पाठवलेला असू शकतो. त्यावर पेनाने उभी-आडवी दहा-दहा इंचांची खूण करावी आणि घरच्याच पाण्यात, घरच्याच साबणाने तीनदा धुऊन उन्हात वाळवावा. खुणांमधले अंतर साडेनऊ इंचांवर आले तर कापड पाच टक्के आटले. छपाईला बारीक भेगा पडल्या का, पांढऱ्या कापडाबरोबर धुतल्यावर रंग उतरला का, हेही तेव्हाच कळते. ऑर्डरच्या ई-मेलमध्ये जीएसएम, धाग्याचे प्रमाण, गळ्याच्या रिबमध्ये इलास्टेन आणि आटण्याची मर्यादा आकड्यांत लिहून घ्यावी, आणि आगाऊ रक्कम त्याचे लेखी उत्तर आल्यावरच भरावी. धुणे, वाळवणे आणि ई-मेल यांत आठवडा जातो. म्हणून गणपतीचे टी-शर्ट मागवायचे असतील तर नमुना आषाढातच हातात असायला हवा.